रेट्याचं नाव

एक्स्ट्रूजन हा शब्द मराठी घरात हल्ली दोन वाटांनी शिरतो. पाठदुखीने बेजार झालेल्या माणसाच्या एमआरआय अहवालात तो छापलेला असतो, आणि घराच्या खिडक्या बदलायच्या निघाल्या की अ‍ॅल्युमिनियमवाल्याच्या तोंडी असतो. पहिल्या ठिकाणी तो धडकी भरवतो, दुसऱ्या ठिकाणी किलोच्या भावाने मोजला जातो. अर्थ विचारला तर दोन्हीकडे उत्तर एकच मिळतं : दाबून बाहेर काढणं. व्युत्पत्तीशी ते तंतोतंत जुळतं. लॅटिनमध्ये ‘त्रुदेरे’ म्हणजे ढकलणं, रेटणं. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. माणसाला घरातून हाकलून देण्यालाही रोमन लोक हेच क्रियापद वापरत. इंग्रजीने ते सोळाव्या शतकात उचललं तेव्हा त्यात हाकलण्याचाच भाव होता. घुसखोरीचं इंट्रूजन, पुढे डोकावणारं प्रोट्रूजन ही त्याचीच भावंडं. दुर्बोध या अर्थाचा ‘अ‍ॅबस्ट्रूस’ही त्यांच्यातलाच, मुळात ‘दूर ढकलून दडवलेला’. धमकीला इंग्रजीत जो ‘थ्रेट’ म्हणतात, त्याचं मूळही भाषाशास्त्रज्ञ याच आदिम धातूपर्यंत नेतात. सगळं कुळच दांडगाईचं आहे.

माझं म्हणणं असं की या नावाने एका विलक्षण कृतीचं सगळं श्रेय रेट्याच्या पदरात टाकलं आणि तिथे अन्याय झाला. रेटा लागतो, त्यावाचून बहुतेक ठिकाणी काही बाहेर येत नाही, हे मान्य. पण बाहेर काय येईल, अखंड येईल की फाटून येईल, सरळ येईल की वाकडं, हे रेट्याच्या हातात नसतं. ते ठरतं माल किती तयार आहे यावर आणि छिद्र कसं घडवलं आहे यावर. या कृतीचा इतिहास पाहिला, ती कारखान्यात आणि स्वयंपाकघरात पाहिली, किड्यात आणि ज्वालामुखीत पाहिली, तरी हेच पुन्हापुन्हा दिसतं. आणि हे नीट दिसलं नाही तर आपण तंत्रज्ञान शिकवतानाही चुकीच्या जागी बोट ठेवतो.

इतिहास 1797 पासून मोजतात. त्या वर्षी जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने शिशाच्या नळ्या करण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी शिशाची नळी म्हणजे पत्रा गुंडाळून कडा डाख देऊन जोडलेली. ब्रामाने गरम केलेलं शिसं हाताच्या दट्ट्याने एका तोंडातून ढकललं आणि बिनसांध्याची, हवी तेवढी लांब नळी काढली. त्या काळी कारखान्यात या कामाला एक्स्ट्रूजन म्हणत नसत. ‘स्क्वर्टिंग’ म्हणत, म्हणजे पिचकारी मारणं. पाण्याच्या दाबावर चालणारा प्रेसही ब्रामानेच 1795 मध्ये शोधून ठेवला होता, आणि 1820 मध्ये थॉमस बर याने तो या कामाला जुंपला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच माणसाकडे हवा तेवढा रेटा आला होता.

तरीही पितळेचं काम जमायला 1894 उजाडलं. अलेक्झांडर डिक याने ते जमवलं. मधल्या पाऊणशे वर्षांत जोराची टंचाई नव्हती. पितळ ज्या तापमानाला नरम होतं ते तापमान सोसणारं भांडं आणि तोंड नव्हतं. पोलादाला त्याहून वाट पाहावी लागली. बाराशे अंशांच्या आसपास तापवलेलं पोलाद डायला, म्हणजे त्या तोंडाला, घासत जातं आणि डाय काही क्षणांत निकामी होते, कारण त्या उष्णतेत कोणतंही तेल, कोणतंही ग्रीस जळून जातं. 1940 च्या दशकात फ्रान्समध्ये झाक सेजुर्ने याने तोड काढली ती काचेची. तापलेल्या पोलादाच्या स्पर्शाने काच वितळते, पातळ थर होऊन मध्ये राहते, वंगणाचं काम करते आणि डायला उष्णतेपासून वाचवते. पोलादाला जिंकलं ते काचेच्या पातळ थराने, मोठ्या प्रेसने नव्हे.

या साऱ्यात एक प्रकरण मुंबईचं आहे. आग्नेय आशियातल्या काही झाडांचा चीक, गुट्टापर्चा, गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की घट्ट बसतो आणि समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतो. वेर्नर सीमेन्सने 1847 मध्ये तांब्याच्या तारेवर या चिकाचा सलग, बिनसांध्याचा थर चढवणारा प्रेस तयार केला. सांधा असता तर तिथून पाणी शिरलं असतं, आणि समुद्राखालची तार मुकी झाली असती. 1870 मध्ये ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी गुट्टापर्चाने मढवलेली केबल समुद्रात सोडली. त्याआधी इराणच्या आखातामार्गे जाणारी तार होती, पण तिच्यावरून संदेश पोचायला दिवस लागत आणि वाटेत मजकुराची मोडतोड होई. आता लंडनचा भाव मुंबईच्या कापूस बाजारात काही तासांत कळू लागला. मुंबईच्या व्यापाराचा वेग वाढवणारी ही तार एका चिकाच्या गुणावर उभी होती, आणि त्या चिकाला तारेभोवती एकसारखं बसवणाऱ्या एका गोल तोंडावर.

आता आपल्या खिडकीच्या चौकटीकडे येतो, कारण खरी मौज तिथे आहे.

अ‍ॅल्युमिनियमचं सेक्शन पाहून पुष्कळांना वाटतं की धातू वितळवून ओतला असेल. तसं होत नाही. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. प्रेसमध्ये जाणारं बिलेट, म्हणजे धातूचा ओंडका, साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंतच तापवलेलं असतं. म्हणजे ते घन असतं, फक्त नरम. त्याला मागून शेकडो, हजारो टनांचा दाब देतात, पुढे पोलादी डाय असते, आणि डायच्या छिद्रातून खिडकीचा रूळ, त्यावरचे खाचे, रबर बसवायची चीर, सगळं एकाच वेळी लांबच लांब बाहेर येतं. पण छिद्र म्हणजे नुसता हव्या त्या आकाराचा कापलेला भाग नव्हे. धातू सगळीकडून सारख्या वेगाने येत नाही. मधल्या भागातून तो भरभर येतो, कडेच्या बारीक पात्यांतून रेंगाळतो. जाड जागेतून धावतो, पातळ जागेत अडखळतो. वेग जुळला नाही तर सेक्शन बाहेर पडतानाच पिळलं जातं, केळीसारखं वाकतं किंवा पातळ पात्यांना लाटा पडतात.

यावर उपाय काय? मागे पडणाऱ्याला आणखी ढकलणं शक्यच नसतं. मागून येणारा दाब सगळ्यांना एकच असतो. म्हणून डाय घडवणारा पुढे धावणाऱ्याला आवरतो. छिद्राच्या आतल्या भिंतीला, जिथे धातू घासत जातो, तिला बेअरिंग म्हणतात. ती काही मिलिमीटरांची असते. धातू जिथे धावतो तिथे ती लांब ठेवायची म्हणजे घर्षण वाढतं आणि वेग उतरतो. जिथे रेंगाळतो तिथे आखूड ठेवायची. नव्या डायमधून पहिला तुकडा काढतात, तो कुठल्या बाजूला वाकला ते पाहतात, आणि डाय करेक्टर कानस घेऊन नेमक्या जागी हलका हात मारतो. हल्ली संगणकावर आधी अंदाज बांधता येतो, तरीही शेवटचा हात त्याचाच. मला हे काम फार मोठं वाटतं. कारखान्याची ओळख सांगताना मालक प्रेस किती टनांचा आहे ते अभिमानाने सांगतात. माझ्या मते आधी करेक्टर कोण आहे ते सांगायला हवं.

पोकळ नळीची गोष्ट तर याहून अचाट आहे. चौकोनी पोकळ पाइप काढायचा तर मध्ये एक गाभा हवा, आणि गाभा हवेत तरंगू शकत नाही. त्याला धरून ठेवणारे पाय हवेत. धातू त्या पायांवर आपटून दोन, तीन, चार धारांत फाटतो. मग पायांच्या पुढे एका छोट्या कोठडीत त्या धारा पुन्हा भेटतात आणि प्रचंड दाबाखाली जुळून एक होतात. डाख नाही, वितळणं नाही. घन धातू घन धातूला चिकटतो, कारण फाटल्यापासून भेटेपर्यंत त्या ताज्या पृष्ठभागाला हवा लागलेली नसते. हवा लागली असती तर अ‍ॅल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा धरला असता आणि जोड कायम कच्चा राहिला असता. इटलीत मॅकरोनीचं भोक याच युक्तीने पडतं. तिथेही डायमधला खिळा पायांवर उभा असतो, पीठ त्याच्याभोवती फाटतं आणि तोंडाशी येईपर्यंत पुन्हा सांधतं. फाटलेलं जुळण्यासाठी आधी ते बाहेरच्या हवेपासून जपावं लागतं, हे ‘दाबून बाहेर काढणं’ या अर्थातून कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

आणि जास्त रेटलं तर? तर बिघडतं. अ‍ॅल्युमिनियम वाजवीपेक्षा वेगाने ढकललं की घर्षणाने त्याचं तापमान चढतं आणि पृष्ठभागावर आडव्या भेगा पडतात. प्लास्टिकमध्येही तेच. वितळलेलं पॉलिथिलीन एका मर्यादेपलीकडे घाईने काढलं की नळीचा पृष्ठभाग खरखरीत होतो. कारागीर त्याला शार्कची कातडी म्हणतात. प्लास्टिकची आणखी एक खोड आहे : छिद्रातून बाहेर पडताच ते फुगतं. आत त्याच्या लांब रेणूंना ताणून सरळ केलेलं असतं, बाहेर सुटले की ते आखडून घेतात. म्हणून चौकोनी पट्टी हवी असेल तर छिद्र चौकोनी ठेवून चालत नाही. त्याच्या बाजू आत दबलेल्या ठेवाव्या लागतात, तेव्हा बाहेर येऊन फुगलेला माल चौकोनी होतो. जळगावकडे ठिबक सिंचनाच्या लांबच लांब नळ्या निघतात त्यामागे हे सगळं शहाणपण आहे. माल बाहेर पडल्यावर कसा वागेल हे छिद्र घडवणाऱ्याला आधीच ओळखावं लागतं.

आपल्या भाषेत या कामाला क्रियापद कोणतं? चकल्या आपण पाडतो. शेव पाडतो किंवा गाळतो. कुरडया घालतो. यांतल्या एकाही क्रियापदात ढकलणं नाही, दाबणं नाही. ‘पाडणे’ हे क्रियापद मराठीत आणखी कुठे येतं ते पाहावं : विटा पाडणं, नाणी पाडणं, जिलब्या पाडणं. घडणीतून आकार उतरवणं हा त्याचा गाभा आहे. लॅटिनने जोर पाहिला, मराठी बाईने आकार पाहिला. माझ्या मते तिने अधिक नेमकं पाहिलं. कुणी म्हणेल, हा निव्वळ योगायोग, क्रियापदांवरून इतकं काढू नये. पण चकली करणाऱ्या बाईच्या बोलण्यात दाबाचा विषय किती येतो? बोलणं चालतं ते भाजणीचं, मोहनाचं, पाणी किती कढत घेतलं याचं आणि पीठ किती वेळ झाकून ठेवलं याचं. सोऱ्या फिरवायला घरातला कुणीही बसवतात. पीठ भिजवायला बसवत नाहीत.

हा कौटुंबिक शिष्टाचार नाही, पक्कं पदार्थविज्ञान आहे. भाजणीत गव्हासारखा चिवटपणा नाही. ती धरून राहते ती कढत पाण्याने अर्धवट शिजलेल्या पिठूळपणावर आणि उडदाच्या चिकटपणावर. मोहन कमी पडलं तर चकली कडक होते, जास्त झालं तर तेलात सोडल्यावर विरघळते. पीठ कोरडं असलं तर सोऱ्यातून बाहेर येतानाच तुकडे पडतात, आणि त्या वेळी हँडलवर कितीही जोर केला तरी तुकडेच पडत राहतात. चकलीला काटा हवा, आणि तो येतो कसा? चकतीचं छिद्र चांदणीसारखं असतं. चांदणीच्या कोपऱ्यांत पीठ दोन्ही भिंतींना घासतं, मागे राहतं, मधला भाग पुढे जातो, आणि त्या ओढाताणीत कोपऱ्यावरची कड थोडी थोडी फाटत जाते. तेच काटे. विटांच्या कारखान्यात मातीची लादी डायमधून निघताना कोपरे असेच फाटतात आणि तो दोष समजून कारागीर डाय दुरुस्त करायला घेतात. स्वयंपाकघराने त्याच फाटण्याला मोजून मापून गुण केलं. काटा यावा एवढं फाटावं, तुटावं एवढं नाही. हा तोल पिठाच्या भिजवणीतून साधतो.

कुरडईत तर तापमानाचा सगळा खेळ उघडा दिसतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, निवळू द्यायचा, वरचं पाणी काढून टाकायचं आणि मग चीक शिजवायचा. शिजला की क्षणभरही दम खायचा नाही. गरम चीक सोऱ्यात भरून उन्हात लगोलग कुरडया घालायच्या, कारण गार झाला की त्याचे रेणू एकमेकांना धरतात आणि तो थिजून बसतो. मग सोऱ्या हलत नाही. सेजुर्नेला पोलादाशी झगडताना जे गणित सोडवायचं होतं, त्याच जातीचं हे गणित आहे : माल कधी वाहायला तयार असतो, किती वेळ तसा राहतो आणि तेवढ्या वेळात काम कसं उरकायचं.

चकलीचं आणखी एक वैशिष्ट्य नोंदवून ठेवतो. तिचा छेद चकती ठरवते, पण तिचे वेढे हात ठरवतो. छिद्र एक गोष्ट बांधून ठेवतं, बाकीच्या मोकळ्या सोडतं. आपण ‘साचेबद्ध’ हा शब्द शिवीसारखा वापरतो. तो ओतीव साच्याला लागू असेल. तिथे वस्तू नखशिखांत आधीच ठरलेली असते. छिद्राचा साचा वेगळा. तो फक्त एक छेद बांधून देतो. लांबी अमर्याद, वळण मोकळं. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देत वस्तू उभी करणारा त्रिमितीय मुद्रक, ज्याचं पेटंट स्कॉट क्रम्प याने 1989 मध्ये अर्ज करून मिळवलं, याच मोकळिकीवर चालतो. त्याचं छिद्र साधं गोल असतं आणि आकार सगळा हालचालीतून येतो.

रेट्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा मात्र कोळ्याकडे आणि रेशमाच्या किड्याकडे आहे. माणसाने कृत्रिम रेशीम काढलं ते या किड्यांची नक्कल करून. शार्दोने या फ्रेंच सरदाराने 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात आपलं रेशीम मांडलं. द्रावण बारीक छिद्रांतून दाबून त्याने तंतू काढले होते. नक्कल करताना माणसाने धरून चाललं की किडाही दाबूनच तंतू काढत असणार. 2017 मध्ये शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब मांडला. किड्याच्या ग्रंथीतलं घट्ट द्रावण त्या चिंचोळ्या नळीतून ढकलून काढायचं तर जो दाब लागेल तो किड्याच्या शरीराच्या आवाक्याबाहेरचा निघाला. किडा ढकलत नाही, ओढतो. तंतूचं टोक चिकटवतो आणि डोकं हलवत मागे सरतो; कोळी पायाने ओढतो किंवा स्वतःच्या वजनाने खाली सुटतो. नळीतून येता येता द्रावणातलं पाणी कमी होतं, आम्लता बदलते, प्रथिनांचे रेणू एका दिशेने लागतात आणि तोंडाशी येईपर्यंत तंतू घट्ट झालेला असतो. तयारी सगळी आतली, रेटा जवळपास नाहीच.

पृथ्वीच्या पोटातही हाच शब्द चालतो. भूशास्त्रात जमिनीवर येऊन थिजलेल्या खडकांना एक्स्ट्रूझिव्ह म्हणतात आणि आतच थिजलेल्यांना इंट्रूझिव्ह. आपल्या शाळेच्या पुस्तकांत बहिर्निर्मित आणि अंतर्निर्मित असे शब्द आहेत, आणि ते मला मूळ शब्दांपेक्षा सरस वाटतात. कारण महत्त्वाचं ढकलणं नाही, घडलं कुठे हे आहे. एकच शिलारस बाहेर येऊन भरभर निवला की बारीक कणांचा बसाल्ट होतो आणि खोल आत सावकाश निवला की डोळ्यांना दिसतील अशा स्फटिकांचा गॅब्रो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून हा रस थरावर थर ओतला गेला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरवर जाते. नंदुरबार-धुळ्याकडच्या माळावर दूरवर गेलेल्या काळ्या दगडी भिंती दिसतात. जमिनीतल्या भेगांत रस शिरून तिथेच थिजला, भोवतालचा खडक झिजला आणि त्या उघड्या पडल्या. थरांना आकार दिला तो रसाच्या पातळपणाने आणि जमिनीच्या उताराने. पातळ रस पसरतो म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत.

रस घट्ट असला तर काय होतं ते कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाने पाहिलं. 8 मे 1902 ला माँ पेले या ज्वालामुखीने सें पिएर हे शहर काही मिनिटांत बेचिराख केलं. सुमारे 28,000 माणसं गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस विवराच्या तोंडातून जवळजवळ घट्ट झालेल्या लाव्ह्याचा सुळका वर चढू लागला. काही दिवस तर तो दिवसाला दहा मीटरहून जास्त वाढला आणि तीनशे मीटरवर जाऊन नंतर ढासळला. आल्फ्रेद लाक्रुआ या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने त्याचा बारकाईने अभ्यास केला. सुळक्याच्या एका अंगाला घासल्याच्या गुळगुळीत, रेघारेघांच्या खुणा होत्या. विवराच्या तोंडाने आपला छेद त्याच्या अंगावर कोरला होता.

मग रेट्याला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण नावाने सांगितलं तसं नाही. 1911 मध्ये गटिंगनला थिओडोर फॉन कार्मान याने संगमरवराच्या दांड्यांना चहूबाजूंनी प्रचंड दाब देऊन मग वरून दाबलं. एरवी ठिकऱ्या होणारा संगमरवर न फुटता आकार बदलत गेला. पुढे पर्सी ब्रिजमनने धातूंवर असंच काम केलं. उच्च दाबाच्या संशोधनासाठी त्याला 1946 चं नोबेल मिळालं. कुठूनही तडा जायला वाव नाही अशा प्रकारे पदार्थाला सगळीकडून धरलं की तो तुटायचं सोडून वाहू लागतो. प्रेसमधला दाब हेच करतो. माल पुढे जातो हे खरं, पण त्याआधी तो चहूबाजूंनी धरला जातो, आणि धरला जातो म्हणूनच न फाटता पुढे जातो. पुष्कळसा जोर तर भांड्याच्या भिंतीशी घासण्यात वाया जातो. म्हणून काही प्रेसमध्ये क्रम उलटा करतात : बिलेट जागेवर ठेवतात आणि डायच त्याच्या अंगावर चालून जाते. घर्षण वाचतं, जोर कमी लागतो. तिथे तर बाहेर ढकलणं ही कल्पनाच उलटी होते.

एमआरआयच्या अहवालातला शब्द असाच तपासून पाहावा. मणक्यांमधल्या चकतीचा भाग बाहेर आला की तो प्रोट्रूजन की एक्स्ट्रूजन हे किती जोराने बाहेर आला यावरून ठरत नाही, आकारावरून ठरतं. बाहेरचा भाग ज्या तोंडातून आला त्या तोंडापेक्षा रुंद झाला असेल तर एक्स्ट्रूजन. वाचणाऱ्याला ते अधिक भयंकर वाटतं. पण असा पूर्ण बाहेर पडलेला भाग शरीर अनेकदा स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि हे साध्या फुगवट्यापेक्षा एक्स्ट्रूजनमध्ये जास्त वेळा घडतं. पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं ही वेगळी बाब आहे. तिथे लगेच रुग्णालय गाठायलाच हवं. नुसत्या शब्दाने मात्र रात्रीची झोप घालवू नये.

आता मुख्य मागणीकडे येतो. 2021 पासून अभियांत्रिकीची पदवी मराठीतून शिकवायची मुभा मिळाली आहे. त्या वर्गांसाठी पुस्तकं लिहिली जात आहेत, लिहिली जातील. त्यांत एक्स्ट्रूजनच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य काय असावं? इंग्रजी व्याख्येचं भाषांतर असेल तर ते ‘दाबाने बाहेर ढकलण्याची क्रिया’ असंच होणार, आणि विद्यार्थी पहिल्याच ओळीत चुकीच्या जागी पाहायला शिकणार. त्याला संस्कृतातून बहिःसारण म्हटलं किंवा इंग्रजीतला शब्द देवनागरीत तसाच ठेवला, याने फारसा फरक पडत नाही. मी शब्दावर अडून बसणार नाही. अडतो तो क्रमावर. ज्या मुलीने आईबरोबर उन्हात कुरडया घातल्या आहेत, तिला मालाचं तापमान, छिद्राचा छेद, मध्येच थिजणं आणि कडेचं फाटणं हे चारही विषय हातांनी ठाऊक असतात. ती वर्गात येते आणि कुणी तिला सांगत नाही की हेच ते. ती प्रेसच्या टनांपासून सुरुवात करते, सूत्र पाठ करते आणि परीक्षेत लिहून मोकळी होते.

म्हणून पहिला प्रयोग प्रेसवर नसावा. टेबलावर पितळी सोऱ्या असावा, दांड्याला जोर मोजायचा काटा जोडलेला असावा, आणि भांड्यात शिजवलेला चीक असावा, त्यात तापमापक. चीक नव्वद अंशांना असताना किती जोर लागतो, सत्तरला किती, पन्नासला किती, याचा आलेख विद्यार्थ्यांनी स्वतः काढावा. मग चकती बदलावी : एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ चीर असलेली. पट्टी कुठल्या अंगाला वाकते ते पाहावं, आणि ती सरळ यावी म्हणून चकतीच्या कुठल्या भिंतीची जाडी वाढवायची ते मुलांनी कागदावर काढून दाखवावं. त्यानंतर त्यांना औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात न्यावं, आणि प्रेसपाशी थांबण्याआधी डाय करेक्टरच्या टेबलाशी बसवावं. त्याला मनसोक्त प्रश्न विचारू द्यावेत, तेही त्याच्याच भाषेत.